फुल फ्रेम आणि दोन पावलं

"फोटो चांगलेत गं, पण सगळे लांबून काढल्यासारखे वाटतात. आणि त्या खोलीतल्या फोटोंमध्ये केवढा रवा दिसतोय!"

एका मासिकासाठी मी फोटोफीचर केलं होतं, त्यावर संपादकबाईंचा हा मेसेज. वेळ रात्री पावणेबाराची. आता अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? पाणी प्यावं आणि झोपावं. मी काय केलं? लॅपटॉप उघडला आणि 'फुल फ्रेम कॅमेरा किंमत' असं टाइप केलं.

पहाटे तीनपर्यंत माझं निदान पक्कं झालं होतं. दोष माझा नव्हताच मुळी. दोष सेन्सरचा होता!

ज्यांना हा आजार अजून जडलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फिल्मच्या जमान्यात पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर एका फोटोची चौकट असायची ३६ बाय २४ मिलिमीटरची. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर आला. ज्याचा सेन्सर याच मापाचा, तो फुल फ्रेम. पण एवढा मोठा सेन्सर बनवणं महागात पडतं. म्हणून तुमच्या-माझ्यासारख्यांच्या कॅमेऱ्यात छोटा सेन्सर बसवतात. माझ्या निकॉन डी५६०० मधला २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा आहे, म्हणजे क्षेत्रफळाने निम्म्याहूनही कमी. लेन्स तीच, तिने आत पाडलेलं चित्रही तेच, फक्त सेन्सर त्यातला मधलाच भाग उचलतो. आई मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडते ना, तसं. पोळी पूर्ण, आपल्या वाट्याला पुरी. म्हणून नाव क्रॉप सेन्सर. याचा परिणाम असा की पन्नास मिलिमीटरची लेन्स या कॅमेऱ्यावर पंचाहत्तरसारखी वागते. सगळं दीडपट जवळ आल्यासारखं दिसतं आणि आजूबाजूचं कापलं जातं.

फुल फ्रेम डिजिटल कॅमेरे २००२ मध्येच आले होते, पण त्यांच्या किमती ऐकून लोक कॅमेरा नुसता बघून परत ठेवायचे. २००५ मध्ये कॅननचा ५डी आला आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसालाही वाटलं की कर्ज काढून का होईना, हे जमू शकतं. तेव्हापासून हौशी मंडळींच्या डोक्यात एक शिडी फिट बसली आहे. खालच्या पायरीवर क्रॉप, वरच्या पायरीवर फुल फ्रेम. आणि वरच्या पायरीवरचे सगळे आपल्याकडे बघून हसतायत असं खालच्याला कायम वाटत असतं.

मी खालच्या पायरीवर २०१९ पासून आहे. मास कॉमचं शेवटचं वर्ष, निम्मे पैसे बाबांचे, निम्मे माझ्या ट्यूशन्सचे. सोबत १८-१४० ची झूम लेन्स आली, नंतर एका दिवाळीला मी पन्नासची छोटी लेन्स घेतली. या जोडीवर माझी फ्रीलान्सिंगची गाडी चालू आहे.

तर त्या पहाटे तीन वाजता मला ती जाहिरात दिसली. निकॉन डी७५०, सेकंडहँड, शटर बासष्ट हजार वेळा वाजलेलं, किंमत पंचावन्न हजार. या मॉडेलचं शटर कंपनीने दीड लाख वेळा वाजवून तपासलेलं आहे, म्हणजे अजून बरंच आयुष्य शिल्लक. माझ्या खात्यात एकाहत्तर हजार होते. वाचताना सोपं गणित वाटतंय ना? पण त्या एकाहत्तरमधले साठ हे 'हात लावायचा नाही' या सदरातले आहेत. फ्रीलान्सरचं मानधन कधी महिन्याने येतं, कधी तीन महिन्यांनी, कधी फोन करून करून जीभ झिजल्यावर. तोपर्यंत घरमालकाला काय सांगणार? ते साठ हजार म्हणजे माझे पुण्यातले चार महिने. ते संपले की बॅग भरायची आणि सांगलीला जाऊन बाबांच्या ओळखीच्या माणसाने हेरून ठेवलेली नोकरी धरायची. कोणी हे बोलून दाखवत नाही, पण घरात सगळ्यांना माहीत आहे.

सकाळी बाबांना फोन केला. पूर्ण हकीकत ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"जुना बिघडलाय का?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण त्यात 'डायनॅमिक रेंज' असे शब्द होते आणि ते सांगलीच्या फोनवर टिकले नसते.

उत्तर शोधून दिलं माझ्या रूममेटने. ती आयटीमध्ये आहे, तिच्याकडे प्रत्येक दुःखासाठी एक एक्सेल शीट असते. म्हणाली, "गाडी घेताना टेस्ट ड्राइव्ह घेतेस ना? मग भाड्याने आण, दोन दिवस वापर, मग रड." पटलं. नाहीतरी पुढच्या आठवड्यात मला एका लेखासाठी पाबळला जायचंच होतं. दोन दिवसांचे तीन हजार मोजले आणि डी७५० घरी आणला. हातात घेतल्यावर पहिली जाणीव वजनाची. माझा कॅमेरा बॅटरीसकट ४६५ ग्रॅमचा, हा ८४० चा. दुसरी जाणीव अशी की दोन्ही कॅमेरे चोवीस मेगापिक्सेलचेच! म्हणजे जो आकडा दाखवून दुकानदार आपल्याला कॅमेरे विकतात, त्यात काडीचा फरक नाही. आणि तिसरी गंमत ऐका. आयएसओ, म्हणजे अंधारात किती ताणता येईल त्याचा आकडा, माझ्या कॅमेऱ्याच्या बॉक्सवर २५,६०० आणि या थोरल्याच्या माहितीपत्रकात साधा १२,८००! आकडे बघून खरेदी करणाऱ्यांनी माझा जुना कॅमेराच भारी म्हणून उचलला असता.

चौथी जाणीव मात्र कपाळावर हात मारायला लावणारी. माझी लाडकी १८-१४० ही लेन्स छोट्या सेन्सरसाठीच बनलेली. ती थोरल्याला लावली की तो मुकाट्याने आपल्याच सेन्सरचा मधला तुकडा वापरतो आणि चोवीस मेगापिक्सेलचे दहा होतात. पोळीवाल्याच्या घरात जाऊन पुन्हा पुरीच! म्हणजे बॉडी घेतली की काम झालं असं नाही, मागून लेन्सही घ्यावी लागणार. सध्या दोन्हीकडे पूर्ण चालेल अशी माझ्याकडे एकच, ती पन्नासची.

डिसेंबरातल्या एका सकाळी दोन्ही कॅमेरे पाठीवर घेऊन निघाले. नगर रस्त्याची ट्रॅफिक चुकवायची म्हणून सहालाच. शिक्रापूरहून आत वळलं की ट्रकांचा रस्ता मागे पडतो आणि थंडी पहिल्यांदा खरी वाटायला लागते. पाबळ हे शिरूर तालुक्यातलं गाव, पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटर. अवर्षणाचा पट्टा. पुणेकरांना मस्तानी म्हटलं की आधी आइस्क्रीम आठवतं, तर ज्या मस्तानीच्या नावाने ते आपण चमच्याने खातो, तिची समाधी इथे आहे. १७४० च्या एप्रिलमध्ये नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले आणि त्याच वर्षी तीही गेली. गावात कोणी समाधी म्हणतं, कोणी मजार. २०१५ मध्ये भन्साळींचा सिनेमा आल्यावर पडद्यावर आपण जे आरसे आणि झुंबरं पाहिली, त्यांच्यानंतर इथला साधेपणा एकदम अंगावर येतो.

इथे मी पहिली टेस्ट घेतली. स्वच्छ ऊन, आयएसओ १००, पन्नासची लेन्स आलटून पालटून दोन्ही कॅमेऱ्यांवर. चौकट सारखी यावी म्हणून थोरल्याला घेऊन थोडी पुढे सरकले. घरी येऊन ते फोटो रूममेटसमोर ठेवले आणि म्हटलं, ओळख. तिने तीनदा अंदाज केला, दोनदा चुकला. मी डोळे बारीक करून बघितलं तरी खात्रीने सांगता येईना. भर उन्हात पंचावन्न हजारांचा फरक दिसत नाही, हे मी तिथेच वहीत लिहून ठेवलं.

खरं काम होतं विज्ञान आश्रमात. ही जागा तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत पीएचडी केलेले शास्त्रज्ञ, मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम करणारे. ते सगळं सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळला हा आश्रम सुरू केला. विचार सरळ होता. मुलं हाताने काम करता करता जास्त चांगलं शिकतात. त्यामुळे इथे शेती, बांधकाम, वेल्डिंग, वीज, स्वयंपाक आणि आरोग्य हे सगळे अभ्यासाचे विषय. आधी हात घालायचा, मग त्यामागचं शास्त्र समजून घ्यायचं. शाळेत ज्यांचं बस्तान बसलं नाही अशी कितीतरी मुलं इथे येऊन कामाला लागली. २००३ मध्ये डॉ. कलबाग गेले, पण त्याच्या आदल्याच वर्षी इथे फॅब लॅब उभी राहिली होती. अमेरिकेतल्या एमआयटीतून निघालेली ही कल्पना. कॉम्प्युटरवर आकृती काढा आणि मशीनवर ती वस्तू कापून, छापून घ्या. एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या जगातल्या अगदी पहिल्या लॅबमध्ये पाबळचं नाव आहे. बोस्टननंतर पाबळ! मला तर हे वाक्य टीशर्टवर छापावंसं वाटतं.

आश्रमाच्या आवारात घुमट आहेत. लोखंडी त्रिकोण एकमेकांना जोडून उभारलेले, अर्ध्या चेंडूसारखे. अशाच एका घुमटात मुलं बसली होती, तिथे मी शिरले आणि सवयीने कोपरा शोधायला लागले. माझी ती पद्धतच आहे. कुठेही गेले की मी आधी कोपरा धरते. पाठ भिंतीला, झूम पुढे, कोणाच्या अध्येमध्ये नाही. आता घुमटाला कोपरा कुठून असणार! पाठ भिंतीला लावायला गेले तर डोकं तिरक्या भिंतीला लागलं. जुन्या कॅमेऱ्यावर पन्नासची लेन्स होती. मागे जायला जागा संपली तरी चौकटीत दीड मुलगा मावत होता. मग तीच लेन्स काढून थोरल्यावर लावली आणि तिथूनच बघितलं.

खरं सांगते, 'आई गं' असं तोंडातून निघालं. तीन मुलं, त्यांच्या मधला सर्किट बोर्ड आणि डोक्यावरच्या त्रिकोणांची एक अख्खी रांग, सगळं आत. मी एक इंचही हलले नव्हते. खोली वाढल्यासारखी वाटली. फुल फ्रेमवाले जे काही बोलतात ते थापा नसतात, हे मान्य करावं लागलं. अर्थात १८-१४० लावून अठरावर आले असते तर जुन्या कॅमेऱ्यातही हे मावलं असतं, याहून जास्तच मावलं असतं. पण मला ते सुचलंच नाही. का सुचलं नाही, ते पुढे सांगते.

दुपारी वर्कशॉपमध्ये गेले. एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी लोखंडी स्टूल जोडत होती. गुण्या लावून कोन बघायचा, एक टाका मारायचा, पुन्हा गुण्या. मी दारात उभी राहून जुन्या कॅमेऱ्याने झूम लावून फोटो काढत होते. वीसेक मिनिटं गेली असतील. तिने तोंडासमोरची शील्ड खाली घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, एवढ्या लांबून काय दिसणारे? या की पुढं."

"तुला अडचण होईल."

"आर्क चालू असताना नका बघू, डोळ्यांत जाईल. ती थांबली की या. मी सांगते ना."

तिथले सर हसत होते. त्यांनी मला एक काळी काच दिली आणि आर्क चालू असेल तेव्हा कॅमेराही खाली ठेवायला सांगितलं.

तोवर पाच वाजून गेले होते. डिसेंबरातला उजेड, वर्कशॉपमध्ये ट्यूबलाइट. जुन्या कॅमेऱ्याला झूम लेन्स होती, तिचं अपर्चर लांबच्या टोकाला जेमतेम ५.६. फोटो अंधारे यायला लागले, आयएसओ ६४०० वर गेला आणि संपादकबाईंचा तो लाडका रवा स्क्रीनवर भुरभुरायला लागला. म्हणून थोरला काढला. त्याला फक्त पन्नासची लेन्स. दारातून बघितलं तर मुलगी एवढीशी. जुन्या कॅमेऱ्यावर पन्नासनेच तिचा चेहरा आणि खांदे भरून घ्यायचे तर साडेसात फुटांवर उभं राहून जमलं असतं. इथे त्याच चौकटीसाठी पाच फुटांवर जायला हवं होतं. अडीच फुटांचा फरक. दोन पावलं.

तुम्हाला वाटेल, दोन पावलांचं काय एवढं? पण अनोळखी माणसाच्या चेहऱ्यासमोर साडेसात फुटांवर उभं राहणं आणि पाच फुटांवर उभं राहणं यात फार अंतर आहे. साडेसात फुटांवर आपण फोटोग्राफर असतो. पाच फुटांवर समोरच्याला आपल्या कपाळावरचा घाम दिसतो. तिथे नुसतं क्लिक करून चालत नाही, बोलावं लागतं. मी बोलले. तिचं गाव, घरी कोण कोण, वेल्डिंग शिकते म्हटल्यावर आजी काय म्हणाली. तिने टाका मारला, शील्ड वर केली, हातोडीने वरचा कचरा झाडला, फुंकर मारली आणि तशीच माझ्याकडे बघून हसली. मी क्लिक केलं.

तो फोटो वाया गेला. फोकस कानावर!

हे असं का झालं ते त्याच रात्री शोधून काढलं, आणि या लेखातली सगळ्यात कामाची माहिती हीच आहे. फुल फ्रेमवर पन्नासची लेन्स पूर्ण उघडी, १.८ वर, आणि माणूस पाच फुटांवर. अशा वेळी स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम चार इंचांचा असतो. मान जरा वळली की डोळे गेले. मागचं सगळं लोण्यासारखं पुसट होतं, त्याचं कौतुक इन्स्टाग्रामवर सगळे करतात, पण तेच लोणी नाकावरही येतं. मग मी अपर्चर २.८ पर्यंत बंद केलं. तेव्हा कुठे डोळे, कपाळ, वर केलेली शील्ड, सगळं नीट आलं. पण अपर्चर बंद केलं की आत येणारा उजेड कमी होतो आणि आयएसओ पुन्हा वर! म्हणजे बघा, मोठ्या सेन्सरमुळे एकूण उजेड सव्वादोनपट मिळतो. कॅमेऱ्याच्या भाषेत एक पायरी आणि थोडं वर. आणि क्रॉपवर मिळते तेवढीच स्पष्टतेची खोली हवी असेल, तर तो उजेड जवळपास सगळा परत करावा लागतो. या हाताने दिलं, त्या हाताने घेतलं. हा हिशेब कुठल्याही जाहिरातीत लिहिलेला नसतो.

दुसऱ्या दिवशी फॅब लॅबमध्ये थोरला गळ्यात घालून फिरत होते, तर एका मुलाने विचारलं, "ताई, पुढची ती काळी कडा कुठंय याची?" लेन्सचा हूड केव्हाच हरवलाय म्हटलं, नवीन घ्यायचाय. त्याला ते काही पटलं नाही. "घेता कशाला? माप घेऊ, इथंच छापून बघू की." त्याने खरंच कॅलिपर आणून लेन्सच्या तोंडाचं माप घेतलं. मी गमतीने म्हटलं, सेन्सर छापून देतोस का मोठा? तो गंभीरपणे म्हणाला, "सेन्सर नाही होणार. हूड होईल." घेण्यासारखं काय आणि आपलं आपण करण्यासारखं काय, हे त्याला माझ्याहून स्पष्ट माहीत होतं.

पुण्याला परत आले, थोरला परत केला आणि रात्री फोटो निवडायला बसले. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लेन्स कितीवर होती याची नोंद असते. सहज म्हणून जुन्या कॅमेऱ्याचे झूमने काढलेले फोटो त्या क्रमाने लावले. १४०, १४०, १३५, १४०, १२०, १४०. मग गेल्या दोन वर्षांचे उघडले. लग्न, मोर्चे, मुलाखती, पालखी. तेच. अठरावर काढलेले फोटो बोटांवर मोजण्याइतके. क्रॉपवर १४० म्हणजे फुल फ्रेमवरच्या २१० सारखं. मी सहा वर्षं जगाकडे दुर्बिणीतून बघत होते आणि 'फोटो लांबचे वाटतात' म्हटल्यावर चिडून सेन्सर बदलायला निघाले होते. घुमटात अठरावर यायचं सुचलं नाही, त्याचं कारण हे. त्या बाजूला माझं बोट जायचंच नाही. जवळ जायची भीती वाटते हे मला माहीत होतं, पण त्या भीतीची अशी आकड्यांत नोंद होत असेल हे माहीत नव्हतं.

'क्रॉप' या शब्दानेही थोडं फसवलंच. ऐकलं की वाटतं, आपल्याला काहीतरी कापून दिलंय. पण हे 'फुल' कुठून आलं ते वाचलंत तर गंमत वाटेल. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मुळात सिनेमाची. तिच्यावरची सिनेमाची चौकट साधारण २४ बाय १८ मिलिमीटरची. ऑस्कर बार्नाक नावाच्या जर्मन माणसाने पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी छोटा कॅमेरा बनवताना अशा दोन चौकटी शेजारी शेजारी धरल्या आणि ३६ बाय २४ झाली. १९२५ मध्ये तो कॅमेरा लायका नावाने बाजारात आला आणि ते माप रूढ झालं. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला तो सिनेमाच्या त्या छोट्या चौकटीत. म्हणजे ज्या मापात आपल्याकडचा सिनेमा जन्मला, ते माझ्या डी५६०० च्या सेन्सरच्या जवळपासचं आहे. फाळक्यांना कोणी 'तुमची चौकट क्रॉप आहे हो' असं म्हटल्याचं ऐकिवात नाही.

त्या रात्री मी जाहिरातवाल्याला 'आत्ता नको' असं कळवलं आणि स्वतःला एक नियम घातला. तीन महिने १८-१४० कपाटात. जुना कॅमेरा, पन्नासची लेन्स, आणि चौकट रिकामी वाटली तर पाय हलवायचे. पहिला महिना वाईट गेला. दोन माणसांनी सरळ 'फोटो नको' म्हणून सांगितलं. झूमने काढत असताना ते मला कधी कळलंच नव्हतं, कारण मी विचारतच नव्हते! या गोष्टीची लाज अजून वाटते. पण ज्यांनी हो म्हटलं त्यांचे चेहरे मोठे यायला लागले. संपादकबाईंनी मार्चमध्ये एका फोटोखाली फक्त एक अंगठा पाठवला. त्यांच्याकडून अंगठा म्हणजे पद्मश्री.

आणि मग एप्रिलमध्ये मी फुल फ्रेम घेतला. हो, घेतला! दचकू नका. तोच प्रकार, सेकंडहँड डी७५०, चोपन्न हजार. पण यावेळी साठ हजारांना हात लावला नाही, तीन कामांचे पैसे एकत्र आले त्यातून घेतला. आणि काय विकत घेतेय ते नीट माहीत होतं. माझी बरीच कामं संध्याकाळची असतात, हॉलमधली, घरातली, ट्यूबलाइटखालची. जिथे एकच चेहरा आहे आणि मागचं पुसट झालं तरी चालतं, तिथे ती एक पायरी उजेड खरोखर उपयोगी पडते. जुन्या कॅमेऱ्यावर तेवढं मिळवायला १.२ ची लेन्स लागली असती आणि तिची किंमत विचारायचीसुद्धा माझी हिंमत नाही. तर, चोपन्न हजारांत एक पायरी उजेड. बाकी जे मला हवं होतं ते त्या दुकानात मिळत नव्हतं.

तुम्हीही पहाटे तीन वाजता अशा जाहिराती बघत असाल तर माझं ऐका. आधी तुमच्या जुन्या फोटोंची नोंद उघडून बघा. लेन्स कुठल्या आकड्यावर अडकलीये? मग बॉडीच्या किमतीत लेन्सची किंमत मिळवा. मग दोन दिवस भाड्याने आणा, आणि उन्हात मिरवू नका, तुमच्या रोजच्या अंधारात वापरा. त्यानंतरही हवासा वाटला तर खुशाल घ्या.

मे महिन्यात पुन्हा पाबळला गेले, त्या मुलीला तिच्या फोटोची प्रिंट द्यायला. ती तोपर्यंत कोर्स संपत आल्याच्या गडबडीत होती. तिने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "टाका किती सरळ आलाय बघा." मला इतके महिने त्या फोटोत तिचं हसू दिसत होतं. टाका मी पहिल्यांदाच पाहिला. खरंच सरळ होता.

सांगलीला नवीन कॅमेरा घेऊन गेले तेव्हा बाबांनी तो हातात धरून वजन केलं आणि अपेक्षेप्रमाणे विचारलं, "जुना बिघडलाय का?"

"नाही."

"मग?"

"याला अंधारात थोडं जास्त दिसतं, बाबा. बस्स, तेवढंच."

"आणि तेवढ्याचे चोपन्न हजार?"

"हो."

बाबांनी थोडा विचार केला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"याला मी आठ हजार घातले," म्हणाले, "मला तर काहीच जास्त दिसत नाही."

मग खुर्ची खिडकीकडे वळवली आणि सरळ होऊन बसले. "काढ. पण जवळून काढ, मागच्या वेळी तू अंगणातून काढला होतास."